कात्री लावण्याआधी

एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं चित्रमुद्रण कापून द्यायचं काम माझ्याकडे आलं, तिथून या पुस्तकाची सुरुवात झाली. सभागृहाच्या मधल्या वाटेवर कॅमेरा तिकाटण्यावर उभा केलेला असे आणि तो दीपप्रज्वलनापासून आभारप्रदर्शनापर्यंत अखंड चालू राही. प्रत्येक फाइल साधारण दोन तासांची. त्यातून माइकची तपासणी, स्वागत, शाल-श्रीफळ बाजूला काढायचं, मूळ भाषणाचे विषयवार भाग पाडायचे आणि प्रश्नोत्तरांतला एकेक प्रश्न स्वतंत्र क्लिप म्हणून द्यायचा. एका व्याख्यानाचे चाळीसेक तुकडे होत.

पहिली काही व्याख्यानं मी नेहमीच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कापली. फाइल टाइमलाइनवर आणायची, कट मारायचे, प्रत्येक तुकड्याला नाव देऊन एक्स्पोर्टच्या रांगेत लावायचं आणि संगणक रात्रभर चालू ठेवायचा. सकाळी पाहावं तर रांग निम्मीच सरकलेली. मग एफएफएमपेग हे कमांड लाइनवर चालणारं साधन वापरून पाहिलं. ज्या तुकड्याला आधी कित्येक मिनिटं लागत, तो आता क्षणात तयार झाला. उघडून पाहिला, तर चित्र जसंच्या तसं. संगणक तोच, डिस्क तीच. मग आधी एवढा वेळ जात कुठे होता? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता जे हाती लागलं, ते या पुस्तकात मांडलं आहे.

उत्तराचा गाभा इथेच सांगून टाकतो. आधीचं सॉफ्टवेअर प्रत्येक चौकट (फ्रेम) उलगडत होतं, नव्याने रचत होतं आणि पुन्हा दाबून बांधत होतं. मला त्यातलं काहीच नको होतं. मला फक्त इथून तिथपर्यंतचा भाग वेगळा हवा होता. व्हिडिओकापणीतला वेग यंत्राच्या ताकदीतून फार थोडा येतो. कोणतं काम करायचंच नाही हे ओळखण्यातून तो खरा येतो. पुढची सगळी प्रकरणं या एका वाक्याचा विस्तार आहेत.

एफएफएमपेगची सुरुवात फ्रान्समधले प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांनी २००० साली केली. नावातली पहिली दोन अक्षरं ‘फास्ट फॉरवर्ड’ची. पुढे मिखाएल नीडरमायर यांनी अनेक वर्षं या प्रकल्पाची धुरा वाहिली आणि जगभरातल्या प्रोग्रामरांनी त्यात भर घातली. ते मुक्त परवान्याखाली मिळतं. कुणीही उतरवून घ्यावं, वापरावं, आतला कोड वाचावा. आपल्यापैकी अनेकांनी नकळत ते वापरलेलंही आहे, कारण व्हीएलसीसारखे प्लेअर व्हिडिओ उलगडण्यासाठी त्याच्याच लायब्ररींवर उभे आहेत. २०२१ साली मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या कॅमेऱ्यांची दृश्यं पृथ्वीकडे पाठवण्याआधी दाबून लहान करण्याच्या कामातही ते होतं. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. नवख्या माणसाला याच गोष्टीची धास्ती वाटते. पण लिहिलेली ओळ जपून ठेवता येते, दुसऱ्याला देता येते, शंभर फाइलींवर चालवता येते. माउसने मारलेले कट असे हातोहात देता येत नाहीत.

आता थोडं मागे जाऊ. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे एडिटिंग शिकलेल्या पिढ्यांनी फिल्म हाताने कापली आणि हाताने जोडली. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी असतात, सेकंदाला २४ सरकतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म जाते. त्यातली कोणतीही चौकट उजेडासमोर धरली की पूर्ण छायाचित्र दिसतं. म्हणून कात्री कोणत्याही दोन चौकटींच्या मध्ये लावता येत असे. पुढच्या-मागच्या चौकटीला त्याची झळ लागत नसे.

आपल्या फोनमधला किंवा कॅमेऱ्यातला व्हिडिओ असा नसतो, आणि तो तसा का नसतो हे साध्या हिशेबाने कळतं. फुल एचडीच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून जास्त बिंदू असतात. नेहमीच्या ८ बिटांच्या व्हिडिओत अशी एक चौकट पूर्ण उलगडून ठेवली तर तिला सुमारे ३.१ एमबी जागा लागते. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर सेकंदाला सुमारे ७८ एमबी. दोन तासांचं व्याख्यान साडेपाचशे जीबीच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात तेच व्याख्यान सेकंदाला ८ मेगाबिटच्या दराने ७.२ जीबीत मावतं. हा चमत्कार एच.२६४सारख्या पद्धतींनी घडवला. हे मानक २००३ साली आलं. त्याची युक्ती अशी : वक्ता बोलत असताना मागचा पडदा, टेबल, तांब्या-भांडं काहीच हलत नाही. मग तेच तेच पुन्हा का साठवायचं? एक चौकट पूर्ण ठेवायची आणि पुढच्या चौकटींत फक्त काय बदललं तेवढंच टिपायचं. पूर्ण चौकटीला कीफ्रेम म्हणतात. बाकीच्या चौकटी शेजाऱ्यांच्या आधाराने उभ्या असतात. काही मागच्या चौकटीकडे पाहतात, काही मागच्या आणि पुढच्या अशा दोन्हींकडे.

कापणीची सगळी अडचण आणि सगळा वेग या एका गोष्टीत आहे. कीफ्रेमवर कात्री लावली तर पुढचा भाग स्वतःच्या पायावर उभा राहतो. मधेच लावली तर ज्या चौकटीचा आधार होता ती मागे राहून जाते आणि पुढच्या चौकटी पोरक्या होतात. एच.२६४ लिहिणाऱ्या एक्स२६४ या प्रसिद्ध एन्कोडरच्या मूळ सेटिंगमध्ये दोन कीफ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० चौकटींचं अंतर पडू शकतं. सेकंदाला २५ चौकटी असतील तर हे अंतर १० सेकंदांचं होतं. म्हणजे ‘बारा मिनिटं तीस सेकंदांपासून काप’ असं सांगितलं, तरी स्वच्छ कापायची जागा बारा मिनिटं बावीस सेकंदांवर असू शकते.

इथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट कॉपीची. एफएफएमपेगला ‘सी कॉपी’ हा पर्याय दिला की ते चौकटी उलगडतच नाही. दाबून बांधलेली पुडकी जशीच्या तशी उचलून नव्या फाइलमध्ये ठेवतं. दर्जात तसूभर फरक पडत नाही आणि वेळ फक्त डिस्कवरून वाचण्या-लिहिण्याचा लागतो. मात्र सुरुवात मागच्या कीफ्रेमपासून होते. दुसरी वाट पुन्हा एन्कोड करण्याची. तिथे कट हव्या त्या चौकटीवर बसतो, पण प्रत्येक चौकट उलगडून पुन्हा बांधावी लागते. वेळ लागतो आणि दर्जाही थोडा घसरतो. व्याख्यान, कीर्तन, वर्ग, ग्रामसभा अशा मुद्रणांत बोलणं सुरू होण्याआधीची चार सेकंदं कुणालाही खटकत नाहीत. तिथे कॉपीचीच वाट धरावी. गाण्याची सम, नृत्यातला पहिला पदन्यास किंवा दोन दृश्यांची जोडणी असेल, तर तेवढ्यापुरतं एन्कोड करावं. मधली एक वाटही आहे : तुकड्याच्या फक्त कडा, म्हणजे कीफ्रेमपर्यंतची काही सेकंदं, नव्याने बांधायची आणि मधला मोठा भाग कॉपी करून तिन्ही जोडायचे. ती नाजूक आहे, कारण नव्या कडांची आणि जुन्या मधल्या भागाची घडण तंतोतंत जुळावी लागते. तिला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

याहून सोपा उपाय मुद्रणाच्या वेळीच करता येतो. ओबीएस स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरने मुद्रण करत असाल तर कीफ्रेमचं अंतर दोन सेकंदांवर ठेवा. फाइल थोडी मोठी होईल, पण नंतरची प्रत्येक कॉपी-कापणी हव्या त्या जागेच्या दोन सेकंदांच्या आत बसेल. शेत नांगरतानाच बांध नीट घातले की पुढे पाण्याची वाट काढावी लागत नाही, तसंच हे आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे नोंदवतो, कारण हे साधन नवं हाती घेणारे अनेक जण तीच करतात. ‘एसएस’ हा पर्याय कुठून कापायचं ते सांगतो. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये तो मूळ फाइलच्या नावानंतर लिहिला होता. तिथे लिहिला की एफएफएमपेग फाइल पहिल्यापासून उलगडत येतं आणि हव्या त्या वेळेपर्यंतचं सगळं टाकून देतं. एन्कोड करून कापताना याची किंमत किती पडते पाहा. दोन तासांचे तीन-तीन मिनिटांचे ४० तुकडे करायचे असतील, तर दुसऱ्या तुकड्यासाठी ३ मिनिटं, तिसऱ्यासाठी ६, असं करत शेवटच्यासाठी ११७ मिनिटं वाया जातात. बेरीज केली तर २३४० मिनिटं होतात. दोन तासांच्या व्याख्यानासाठी ३९ तासांचं चित्र उलगडून फेकून दिलं जातं! तोच पर्याय फाइलच्या नावाआधी लिहिला की एफएफएमपेग थेट त्या जागेजवळच्या कीफ्रेमवर उडी मारतं आणि हा सगळा अपव्यय संपतो. त्यातून अचूकताही जात नाही. २०१३ सालच्या २.१ आवृत्तीपासून, एन्कोड करताना, नावाआधी लिहिलेला ‘एसएस’सुद्धा नेमक्या चौकटीवर उतरतो. दोन शब्दांची जागा बदलण्याने जेवढा वेळ वाचतो, तेवढा महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊनही वाचत नाही.

याच्याच शेजारी दुसरा खड्डा आहे. ‘एसएस’ नावाआधी लिहिला की एफएफएमपेग वेळेचं घड्याळ शून्यावर आणतं. मग ‘एसएस’ने दहावं आणि नावानंतर ‘टू’ या पर्यायाने बारावं मिनिट सांगितलं, तर दहा ते बारा असा दोन मिनिटांचा तुकडा मिळत नाही, बारा मिनिटांचा मिळतो. म्हणून या पुस्तकातल्या सगळ्या स्क्रिप्टमध्ये शेवटच्या वेळेऐवजी ‘टी’ हा पर्याय वापरून तुकड्याची लांबी सांगितली आहे. शेवटातून सुरुवात वजा करण्याचं काम स्क्रिप्ट स्वतः करते.

स्क्रिप्ट म्हणजे काय, ते आता सांगतो. रोज म्हणावी लागणारी वाक्यं एका कागदावर लिहून ठेवावीत आणि संगणकाने ती ओळीने वाचून पाळावीत, एवढाच तिचा अर्थ. आमच्या कामात एक साधी यादी असते. प्रत्येक ओळीत सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि तुकड्याचं नाव. व्याख्यान ऐकता ऐकता कुणीही ती वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये करू शकतं. त्याला संगणकाचं काही विशेष यावं लागत नाही. स्क्रिप्ट ती यादी वाचते आणि एकेका ओळीमागे एकेक तुकडा काढते. ही कल्पना नवी नाही. १९७१ साली सीएमएक्स कंपनीने संगणकावर चालणारं संपादनयंत्र आणलं, आणि कुठून कुठपर्यंत घ्यायचं हे लिहिलेल्या त्यांच्या ‘एडिट डिसिजन लिस्ट’चा साचा पुढे व्यवसायभर रूढ झाला. माझं ठाम मत आहे की खरं संपादन याच यादीत असतं. तुकडे पुसले गेले तरी यादी आणि मूळ फाइल असेल तर काही मिनिटांत सगळं पुन्हा उभं राहतं.

यादीसुद्धा आपोआप व्हावी असं पुढे वाटू लागतं, आणि काही प्रमाणात ती होते. ‘सायलेन्सडिटेक्ट’ हा फिल्टर शांततेच्या जागा शोधून त्यांच्या वेळा सांगतो. ‘सिलेक्ट’ फिल्टरला ‘सीन’ची अट घातली की दृश्य एकदम बदललेल्या जागा मिळतात. इथेही वेगाचं सूत्र तेच. शांतता शोधायची तर चित्र उलगडण्याची गरजच काय? ‘व्हीएन’ पर्यायाने चित्र वगळलं की केवळ आवाज तपासला जातो आणि दोन तासांची फाइल थोड्याच वेळात पार होते. दृश्यबदल ढोबळमानाने हवे असतील तर फक्त कीफ्रेम उलगडाव्यात. मात्र मूळ सेटिंग डोळे मिटून वापरू नये. सायलेन्सडिटेक्ट उणे ६० डेसिबलखालची, किमान दोन सेकंदांची शांतता शोधतं. आपल्या सभागृहांत पंखे फिरत असतात, बाहेर रस्ता असतो. एवढी शांतता तिथे सापडतच नाही. आधी ‘व्हॉल्यूमडिटेक्ट’ने त्या जागेचा आवाज मोजावा आणि मग मर्यादा ठरवावी.

आणि शांतता सापडली म्हणून ती कापलीच पाहिजे असंही नाही. एखादं वाक्य टाकून वक्ता थांबतो, सभागृह स्तब्ध होतं, मग तो पुढचा शब्द उच्चारतो. ती स्तब्धता भाषणाचाच भाग आहे. यंत्राला ती रिकामी जागा दिसते. या पुस्तकातली एकही स्क्रिप्ट शांतता शोधून परस्पर कापत नाही. ती यादी तयार करून थांबते. माणसाने यादी वाचावी, नको त्या ओळी खोडाव्यात आणि मगच कापणी सुरू करावी. या पाच मिनिटांची बचत मी कुणालाही सुचवणार नाही.

एकाच वेळी अनेक तुकडे कापण्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. कॉपीच्या कामात प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो आणि डिस्क दमलेली असते. फिरत्या हार्ड डिस्कवर चार कामं एकदम लावली तर तिचा काटा इकडून तिकडे पळत राहतो आणि काम उलट मंदावतं. एन्कोडिंगच्या कामात एक्स२६४ स्वतःच प्रोसेसरचे बहुतेक कोअर वापरतं. तिथे चार कामं लावून चौपट वेग मिळत नाही. ग्राफिक्स कार्डातले एन्कोडर वेगवान असतात, पण तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये एक्स२६४च्या सावकाश प्रीसेटइतका दर्जा सहसा देत नाहीत. म्हणून आधी आपल्या कामात नेमकं काय अडतंय ते मोजावं, मग उपाय करावा. मोजायचं कसं, ते पाचव्या प्रकरणात आहे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. तुकडे जोडण्याच्या ‘कॉनकॅट’ यादीत फाइलची नावं देवनागरीत लिहिली की एफएफएमपेग ती ‘असुरक्षित’ म्हणून नाकारतं. अनेक जण तिथेच हात टेकतात आणि सगळी नावं रोमनमध्ये बदलत बसतात. त्याची गरज नाही. मूळ सेटिंगमध्ये त्या यादीला रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हंच चालतात. ही खबरदारी आहे, देवनागरीशी वैर नाही. ‘सेफ शून्य’ हा पर्याय दिला की आपली नावं जशीच्या तशी चालतात. तसंच, यादी ओळीने वाचणाऱ्या स्क्रिप्टच्या आत एफएफएमपेग चालवलं, तर ते कळफलकावरच्या सूचना ऐकायला बसतं आणि यादीतली पुढची अक्षरंच गिळून टाकतं. यादीच्या दुसऱ्या ओळीतली पहिली अक्षरं गायब झाली तर कारण हेच असतं. ‘नोएसटीडीइन’ हा पर्याय दिला की हे गिळणं थांबतं. माझी एक अख्खी संध्याकाळ या एका गोष्टीत गेली. वाचकाची जाऊ नये.

प्रस्तावनेत मी कमांडचे शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. आतल्या पानांवर कमांड टाइप करायच्या तशाच छापल्या आहेत. प्रत्येक कमांडनंतर तिच्यातला प्रत्येक शब्द काय करतो हे सांगितलं आहे, कारण न समजता उतरवून घेतलेली कमांड आज चालते आणि उद्या नडते. पहिली तीन प्रकरणं ओळीने वाचावीत, पुढची गरजेप्रमाणे. रंगसंगती, शीर्षकं, दृश्यांची लय असं कलात्मक संपादन या पुस्तकाच्या कक्षेत नाही. ते टाइमलाइनवर, डोळ्याने आणि कानानेच करावं. हे पुस्तक त्याआधीच्या कष्टाच्या कामासाठी आहे, म्हणजे त्या कलेसाठी वेळ उरेल.

ज्या वाचनालयासाठी हे काम सुरू झालं, तिथल्या कार्यकर्त्यांचा मी ऋणी आहे. त्यांनी रात्री जागून व्याख्यानं ऐकली आणि वेळांच्या याद्या केल्या. त्या नसत्या तर स्क्रिप्टला कापायला काहीच नव्हतं. एफएफएमपेग घडवणाऱ्या, बहुतांशी अनोळखी अशा माणसांचंही ऋण मोठं आहे.

शेवटी वाचकाला एकच विनंती. गावोगावच्या वाचनालयांत, शाळांत, मंडळांत तासन्‌तासांची मुद्रणं पेनड्राइव्हमध्ये पडून आहेत. एवढं लांबलचक कोण बघणार, म्हणून ती कुणी उघडत नाही. त्यातलं एक मुद्रण घ्या. त्याची प्रत करा आणि मूळ फाइल जपून बाजूला ठेवा, तिला कधीही हात लावू नका. वही घेऊन ते एकदा पूर्ण ऐका आणि वेळांची यादी लिहा. पुढचं काम या पुस्तकातल्या चार ओळी करतील.